एका ‘हं’वाचून अडलंय

ती. अक्का,

साष्टांग नमस्कार. (साष्टांग कागदावरच. कंबरेने दगा दिल्यापासून माझी आठांपैकी दोन-तीनच अंगं कामाला येतात.) तुमची तब्येत कशी आहे? साडूभाऊंचे गुडघे काय म्हणतात? कानातलं नवं यंत्र वापरता, की अजून चष्म्याच्या घरात झोपवून ठेवलंय? इकडे मी मजेत आहे. तुमची धाकटी बहीण गेल्यापासून घरात भांडायला कोणी नाही, त्यामुळे मजेला सुमारच नाही. चहा सवयीने दोघांचा टाकतो आणि दोन्ही कप मीच पितो. दुसरा गार झालेला असतो. मला कशाचीही गरज नाही, हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर तुम्ही डबे भरून पाठवाल.

तर माझ्या त्या धुक्याच्या राज्याच्या कादंबऱ्या तुम्हाला ठाऊकच आहेत. (वाचल्या नाहीत, हेही मला ठाऊक आहे. खिडकी वाऱ्याने आपटू नये म्हणून साडूभाऊंनी पहिला खंड लावलेला मी स्वतः पाहिलाय.) प्रकाशकांच्या मनात आलं, की त्या राज्यातल्या आया आपल्या पोरांना ज्या परीकथा सांगत असतील त्यांचाही एक संग्रह काढावा. संपादकबाई त्याला ‘पूरक संग्रह’ म्हणतात. तुमच्या बहिणीने ऐकलं मात्र, म्हणाली, “म्हणजे कादंबरीची पाठराखीण की!” तेव्हापासून आमच्याकडे तेच नाव. आता त्या राज्यात मी एक कायदा करून ठेवलाय : हुंकाराशिवाय गोष्ट सांगायची नाही. ऐकणाऱ्याने ‘हं’ म्हटलं की गोष्ट एक पाऊल पुढे. ‘हं’ थांबला की सांगणाऱ्याने तोंड मिटायचं, नाहीतर गोष्टीतली माणसं वाट चुकतात. कायदा कसला, आमच्या घरचीच रीत ती. मी आधी तोंडी सांगायचो, ती भाजी निवडत, बटणं लावत, कधी डुलक्या काढत ‘हं’ म्हणायची, आणि मग मी लिहायचो. लिहितानाही ते सगळे ‘हं’ मी जागच्या जागी ठेवले होते.

मुद्रितशोधकाने ते एकूणएक लाल शाईने छाटले आणि समासात लिहिलं, ‘लेखकमहाशयांना खोकला आहे काय?’ अक्का, माझं टाळकंच फिरलं. तडक कचेरी गाठली, जिन्यात धापा टाकल्या, आणि संपादकबाईंच्या टेबलासमोर उभा राहून ओरडलो, “तो खोकला नाही, माझी बायको आहे!” बाईंनी खुर्ची दिली, पाणी दिलं, छाटलेलं सगळं परत घालायचं कबूल केलं. मुद्रितशोधक बिचारा इतका वरमला, की त्याने नंतर एक-दोन ‘हं’ जादाच घातले. (ते मी ठेवलेत. नाही कसं म्हणायचं?) निघताना मात्र बाईंनी हळूच विचारलं, शेवटची गोष्ट अर्धीच आहे, ती कधी देता? तेवढ्यावाचून पुस्तक अडलंय म्हणे.

ती गोष्ट नावाड्याच्या मुलीची. बाप धुक्यात हरवला म्हणून पोर एकटीच नाव घेऊन निघते. दवाखान्यात, दुपारी, तुम्ही औषधं आणायला खाली गेला होतात तेव्हा सांगत होतो. नाव नदीच्या मध्यावर आली आणि ‘हं’ आला नाही. मला वाटलं, डोळा लागला. कायद्याप्रमाणे मी तोंड मिटलं आणि बसून राहिलो. तुम्ही वर आलात आणि तिच्या कपाळाला हात लावलात, तेव्हाही मी वाटच पाहत होतो. पोरगी अजून तिथेच आहे, अक्का. ना या काठाला, ना त्या.

उसने हुंकार घेऊन पाहिले. शेजारचे निवृत्त न्यायाधीश ‘हं’च्या जागी ‘पुरावा?’ म्हणतात. खालचा शिंपी ओठांत टाचण्या धरून फार छान ‘हं’ म्हणतो, पण पोर हुंदके देत असताना त्याने “हं, बाही अर्धी की पूर्ण?” असं विचारलं आणि गोष्ट तिथेच उसवली. कामवाल्या मावशी तर हुंकार देतच नाहीत. डोळे पुसून म्हणतात, “आधी त्या लेकराला काठाला लावा, मग मी फरशी पुसते.” फरशी तशीच आहे.

असो. रडगाणं पुरे. सगळं उत्तम चाललंय, काळजी नसावी. साडूभाऊंना नमस्कार, आणि खिडकीतल्या खंडाला माझा आशीर्वाद.

आपला,
भावजी

ता. क. परवा फोनवर मी कुरकुरत होतो आणि तुम्ही मधून मधून ‘हं’ म्हणत होतात. ‘लाइन गेली’ हे मी नंतर खोटंच सांगितलं. फोन मीच ठेवला. तुमचा ‘हं’ हुबेहूब तिचा आहे हो, तोच नाकातला, शेवटी जरासा वर जाणारा. वर ‘गरज नाही’ लिहिलंय ते डब्यांपुरतं समजा. चार दिवस येऊन राहाल का?

आणखी एक. कानातलं यंत्र विसरलात तरी हरकत नाही. गोष्ट ऐकू आलीच पाहिजे असं नाही. तीसुद्धा निम्मी ऐकायची नाही, हे मला पहिल्यापासून ठाऊक होतं. पोरगी काठाला लागेपर्यंत नुसतं ‘हं’ म्हणा. फक्त मधेच थांबू नका.