जागचा न हलणारा फोटो

२२ नोव्हेंबर २००४, शिरूर
आबा हरवले त्याला आज सहा दिवस. आत्याकडची भाऊबीज आटोपून परत येताना, दौंडच्या एसटी स्टँडवर. दादा गाडीची चौकशी करायला गेला, आबांजवळ मी. पिशवीची चेन अडकली म्हणून खाली वाकले. वर बघते तर बाकडं रिकामं. दोन वर्षं झाली, त्यांना माणसं ओळखू येत नाहीत, गावं आठवत नाहीत. पाय तेवढे मेंढपाळाचे, अजून थकत नाहीत.
पोलिसांनी लिहून घेतलं. माझ्या हातात काय, तर हा कॉम्प्युटर क्लास. मुलांना शिकवते तेच करायचं. 'वडील हरवले आहेत' म्हणून आबांचं एक पान, इंटरनेटवर.

२४ नोव्हें.
मजकूर लांबलाय. लाल पटका, हनुवटीवर व्रण, डाव्या हाताची करंगळी अर्धी, गाव विचारलं तर चुकीचं सांगतात. काहीच गाळवत नाही. पण वाचत खाली गेलं की फोटो वर निघून जातो. तो डोळ्यांसमोरून हलता कामा नये. माझ्या मशीनवर नवा ब्राउझर आहे, तिथं कोडच्या एका ओळीत जमलं. क्लासच्या बाकी मशीन जुन्या, त्या ती ओळ जुमानत नाहीत. आणि कॅफेंमध्ये सगळीकडे जुनंच.

२५ नोव्हें.
स्क्रिप्ट लिहिली. पान सरकवलं की फोटो मागून धडपडत येतो, हिसके खात. आई डबा घेऊन आलेली, पाठीमागं उभी.
"ते असं थरथर का कापत्यात गं?"
मशीन बंद केली. डबा तसाच परत नेला.

२६ नोव्हें.
जमलं. मजकुराची वेगळी चौकट केली, ती एकटीच सरकते. आबा खालच्या उजव्या कोपऱ्यात, ढिम्म. किती दिवसांनी बरं वाटलं. आईला दाखवलं.
"भिंतीवरल्या फोटोवानी दिसतंय. जित्ता मानूस असा एका जागी ऱ्हातो व्हय?"
खेकसले तिच्यावर. नको होतं खेकसायला.
दौंडला कॅफेवाल्या म्हस्केंना फोन केला. भला माणूस. मशीन चालू केली की आधी आबांचंच पान उघडेल असं सगळ्यांवर करून ठेवतो म्हणाले. तुमचा फोन नंबर लिहून घेतो म्हणत होते, तर मी ऐटीत, कशाला, सगळं पानावर आहे.

३० नोव्हें.
पान उघडल्याचा आकडा वाढतोय. फोन एकही नाही. क्लासचा फोन दिवसातून दहादा उचलून टोन येतोय का बघते. दादा कोरेगावहून, कंपनीतून थेट इकडे आला. म्हणाला, लोक बघतात आणि आपापला मेल उघडतात, कुणाला पडलीय. आज त्याच्याशी भांडावंसं वाटलं नाही.

३ डिसें.
दौंडला गेले. म्हस्केंच्या कॅफेत बसले. मॉनिटर लहान. पान उघडलं, माउसचं चाक फिरवत शेवटापर्यंत गेले. शेवटची ओळ, 'कुणाला दिसल्यास कृपया फोन करा.' आणि नंबर?
नंबर फोटोच्या मागे. माझ्या मोठ्या पडद्यावर दोघांना जागा होती. इथं आबा बरोबर नंबरावर बसलेत, आणि मीच त्यांना न हलण्याची सोय करून दिलीय. आठवडाभर.
तेवढ्यात म्हस्के सांगायला लागले. रविवारी एक रेल्वेतला माणूस आला होता, हा म्हातारा पाटसच्या रस्त्याला मेंढरांच्या वाड्यावर बघितला म्हणत होता.
"नंबर त्यानं हुडकला, मीबी हुडकला. म्हनलं, बाई तर म्हनत व्हत्या, सगळं पानावर हाय."
टोमणा नव्हता त्यात. असता तर बरं झालं असतं.

४ डिसें.
नंबर फोटोच्याच चौकटीत घातला. पाच मिनिटांचं काम.
दादाबरोबर पाटसच्या रस्त्याला. ज्याच्या रानात मेंढरं बसवली होती तो शेतकरी भेटला. लेंड्या अजून ओल्या. वाडा, म्हणजे मेंढपाळांचा तळ, बुधवारी उठला, पुरंदरकडून घाट उतरून कोकणात जाणार. म्हातारा होता का? होता की.
"सांजला मेंढरं मोजायचा, कुनी न सांगता. बरुबर मोजायचा."
म्हणजे आबाच. दिवाळीनंतर मेंढरं निघायची, तसे तेही निघाले.
"जाताना लई खोकत व्हता. चालवंना, म्हून घोड्यावर बसवला."
आमच्यात घोड्यावर सामान बसतं, कोंबड्या आणि लेकरं बसतात. आबा जन्मात बसले नाहीत.
रविवारी फोन आला असता तर सोमवारी आम्ही तिथं असतो. दादाला नंबराचं सांगितलं नाही.

६ डिसें.
दादा मोटरसायकलवर पुरंदरकडे गेला. छापलेलं पान प्रत्येक स्टँडवर चिकटवत जाणार. आई शेजारणीला सांगत होती, पोरीच्या कॉम्प्युटरनंच माग लागला. कौतुकानं. ते ऐकून मेल्याहून मेल्यासारखं झालं. तीनदा सांगायला गेले. तोंड उघडते आणि पाणी पिऊन परत येते.

९ डिसें.
आई दुपारपासून क्लासमध्ये बसलीय. घर खायला उठतं म्हणाली.
आत्ता चारला फोन आला. घाटाकडचा कुणीतरी, एसटीडी बूथवरून. फोटोतल्या बाबांचं कोण बोलतंय? म्हटलं, मुलगी.
"घरात कुनी बाप्या मानूस न्हाई का?"
भाऊ बाहेर आहे, मला सांगा. नको म्हणाला. पुन्हा म्हटलं, मला सांगा. तर म्हणे, तासाभरानं करतो, तोवर भावाला नाहीतर चुलत्याला बोलवून ठेवा. ठेवला.
दादाचा मोबाइल लागत नाही. चुलत्यांना निरोप धाडलाय.
आईनं विचारलं, कुणाचा गं? म्हटलं, ॲडमिशनची चौकशी.
नंबर आठवडाभर फोटोमागं होता, ते तिला आता तरी सांगावं. का ते ह्या फोननंतर.
ती चाक फिरवतेय, मी शिकवलं तसं, एका बोटानं. मजकूर वर जातो, खाली येतो. म्हणाली, "आता कापत न्हाईत."
अजून पंचवीस मिनिटं.