सार्थकची वेणी

प्रिय वनिता,

उद्या सार्थकचे केस उतरवतोय. वाघजाईच्या देवळात, ऊन चढायच्या आत. तुझा भाऊ आंबेनळी घाटाखालून, तुझ्या माहेरून, आज संध्याकाळी येतोय. मामाच्या मांडीशिवाय जावळ कसं निघणार? न्हाव्याला सांगून झालं, नारळ आणले, कंपनीत रजा टाकली. सगळ्यांना कळवलं आणि मग ध्यानात आलं, की जिला आधी विचारायचं तिलाच कळवायचं राहिलंय. म्हणून दोन्ही पोरं थोरल्या वहिनीकडे जेवायला गेल्यावर कागद घेऊन ओटीवर बसलोय.

लग्नानंतर मी तुला एकही पत्र लिहिलं नाही. लिहिणार कशाला? रोज घरी तर येत होतो.

तुझा तो नवस! प्राचीच्या पाठीवर दोनदा तुझी कूस रिकामी झाली, तेव्हा तू देवीची ओटी भरलीस आणि किती तरी वेळ डोळे मिटून बसून राहिलीस. मी खांबाला टेकून उभा. डोंगर उतरताना विचारलं, "काय बोललीस गो?" तू म्हणालीस, "देवीचं न् माझं हाय ते. सांगितला का नवस फुटतो."

सार्थक झाला तेव्हा एवढंच म्हणालीस, की याच्या केसांना कात्री लावायची नाय. मी विचारलं, "कवर?"

"मी सांगन तवर."

मी सांगन तवर! वनिता, असं कोणी बोलून ठेवतं का?

मग सार्थक तीन वर्षांचा झाला त्या पावसाळ्यात, लावणी संपता संपता, तुला ताप भरला. तू अंगावर काढलास. मी कामावरून आलो की चुलीपुढे हसत बसायचीस आणि म्हणायचीस, चिखलात उभं राहून अंग दुखतंय. महाडच्या दवाखान्यात नेलं तोवर डोळे पिवळे झाले होते. तिथंही तुझं आपलं एकच, सार्थकनं दूध घेतलं का, प्राचीचं दप्तर भिजलं तर नाही ना. नवसाचं विचारायचं मला सुचलं नाही. ही आता जाणार असं धरून कोणी बायकोला प्रश्न विचारतो का? मी तर घरी न्यायला गाडी कुठली सांगायची याचा विचार करत होतो.

तू गेलीस आणि पोराची वेणी माझ्या हातात आली.

पहिल्या दिवशी मी तीन पेड धरले आणि ओढून वळले. सार्थक किंचाळला. प्राची धावत आली. "बाबा, दावं वळताय काय? तो काय रेडकू हाय?" तिनंच मग मला शिकवलं. आधी शेंडे विंचरायचे, मग वर सरकायचं, मुळाशी हात धरायचा म्हणजे दुखत नाही. हे तिला कोणी शिकवलं ते तिनं सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

तुला वाटेल, हा माणूस घाबरला असेल. घाबरलोच होतो! पहिल्या पाळीला कंपनीची बस पकडायची, त्याआधी दोन डोकी विंचरायची, दोन डबे, शेरडांना पाला. दुसरी पाळी असली की पोरं वहिनीकडे निजतात. सार्थक म्हणतो, "बाबा, हाताला कंपनीचा वास येतो." मग मी राखेनं हात घासतो, पुन्हा साबणानं, आणि तेल लावायला घेतो. तरी तो नाक धरून बसतो, लबाड! प्राची म्हणते, नाटकं करतोय. ती आता फार बोलायला लागलीय. डब्यात भाजी कमी पडली तर मला सुनावते, आणि शाळेच्या गॅदरिंगला सगळ्यांच्या आया साड्या नेसवायला आल्या तेव्हा कोपऱ्यात जाऊन एकटीच निऱ्या काढत बसली. वाकड्या आल्या. मला बघून म्हणाली, "अशीच फॅशन हाय." तू असतीस तर एका पिनेत सरळ केल्या असत्यास.

गेल्या वर्षी उवा झाल्या. वहिनी अंगणातून ओरडल्या, "भावोजी, ह्याच्या डोक्यात उवांनी वाडी वसवली! आता ग्रामपंचायत मागतील." सगळे हसले, सार्थकसुद्धा. पण अंगणवाडीतली पोरं वेणी ओढून "सार्थकी, सार्थकी" करतात, त्याला तो हसत नाही. एकदा चड्डी ओली करून घरी आला. दुसऱ्या दिवशी बाईंनी विचारलं तर म्हणाला, शूला मुलग्यांच्या बाजूला गेलो की ढकलतात.

आता जूनमध्ये पहिलीत जायचंय. वहिनी म्हणाल्या, "कापून टाका. ज्या बाईनं नवस केलान ती गेली, आता इचारणार कोण?" मला राग आला. विचारणारी गेली म्हणून काय शब्द जातो? मी देवीला फसवणार नाही आणि तुलाही. पण तू बोललीस काय? पाच वर्षं? सात? शाळेत जाईपर्यंत? केसांबरोबर कोंबडा, की साडी? कोणाला विचारू?

गुरवकाकांकडे गेलो. कौल लावला. त्यांनी देवीच्या उजव्या-डाव्या अंगाला ओली फुलं चिकटवली आणि गाऱ्हाणं घातलं, लेकराचे केस ह्या साली उतरवायचे तर उजवं फूल दे. आम्ही बसलो. फूल पडेना. उजवं नाही, डावं नाही. मी पुढच्या सुट्टीला पुन्हा गेलो, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा गेलो तर काका फुलं भिजवायलाच तयार होईनात.

"काका, देवी बोलत का नाय?"

"अरे, ती काय तुझ्या शिफ्टवर बसलीय? फूल पडलं नाय म्हंजे ती नको बोलते असं नाय. बाईचं न् तिचं काय ठरलं ते त्या दोघीना ठाव हाय. पोर दिलान ना? मग त्याच्या केसाला धरून बसंल व्हय ती?" मग माझ्याकडं बघत म्हणाले, "मला सांग, तुला तरी कापायचे हायत काय?"

नमस्कार केला आणि उतरलो.

वाटेत बसलो एका दगडावर. वनिता, हे तुला लिहायलाच हवं. सार्थकचे केस पाठीच्या मध्यावर येतात. वरचे, मुळाकडचे, तू गेल्यानंतर वाढलेत. त्यांना माझंच तेल लागलंय. पण खालचे वीतभर केस तुझ्या वेळचे आहेत. ते तू न्हाऊ घातलेस, तुझ्या बोटांनी विंचरलेस. रोज सकाळी मी शेंड्यांपासून सुरुवात करतो आणि तिथं माझा हात जरा रेंगाळतो. बस चुकली तरी. नवस, कौल, देवीचा शब्द हे सगळं खरं, मी मानतो. पण त्याच्याआड मी ते वीतभर केस धरून बसलो होतो, आणि तिकडं पोर रोज ढकलून घेत होतं. तू असतीस तर असं होऊ दिलं असतंस का? तू देवीशी भांडून आली असतीस!

त्याच संध्याकाळी ठरवलं. पण सार्थकला सांगितलं तर तो आडवा पडून रडायला लागला. मला कळेना. ज्या वेणीपायी पोर छळून घेतंय ती जाणार, तर आनंद व्हायला हवा! गोळी दाखवली, मामा येणार सांगितलं, एकदा आवाजही चढवला. शेवटी प्राची म्हणाली, "बाबा, तो केसांसाठी नाय रडत. त्याला विचारा तरी."

विचारलं. भिंतीकडं तोंड करून म्हणाला, "आई आली न् मी टकला असलो तर? ती म्हणंल, ह्यो कोणाचा पोर?"

प्राचीनंच मोठेपणा घेतला. "आई येणार नाय रे. ती वरून बघते."

तर तो आणखीच रडला. "मग वरून तर डोकंच दिसतं!"

प्राचीला हसू आलं, मलाही आलं, आणि मग आम्ही तिघंही रडलो. किती दिवसांनी एकत्र रडलो, वनिता. मी कामाच्या नावाखाली आणि प्राची मोठेपणाच्या नावाखाली चुकवत होतो. रडून झाल्यावर प्राचीनं भात लावला.

झोपताना तो एवढंच म्हणाला, "तुमी आईला सांगून ठेवलात, तर कापा."

म्हणून सांगतो. नीट ऐक. सार्थकची उंची माझ्या कमरेला आली. पुढचा एक दात पडलाय. उजव्या गुडघ्यावर खरचटल्याचा पांढरा डाग आहे, काजूच्या झाडावरून पडला. घाबरला की अजून खालचा ओठ चावतो, तुझ्यासारखा. शेजारी जी उंच, गंभीर मुलगी उभी असेल ती आपली प्राची. तिच्याकडेही जरा जास्त वेळ बघ, तिनं कधी मागितलं नाही तरी.

जावळ तिच्याच ओढणीत झेलणार आहे. नदीला जाईल सगळं. एक बटही मी घरी ठेवणार नाही. ठेवावीशी वाटेल, पण नाही. तुझं देवीशी जे काही ठरलं असेल त्यात काही कमी पडलं तर ते माझ्या माथी, पोराच्या नको.

आणि एक शब्द देतो. डोकं उतरवून झालं की मी लगेच त्याला टोपी घालणार नाही. देवळाबाहेरच्या मोकळ्या अंगणात, जिथं एकही झाड आड येत नाही, तिथं त्याला कडेवर घेऊन उभा राहीन आणि त्याला तोंड वर आभाळाकडे करायला सांगीन. लोक हसले तरी हसू देत. घाई करणार नाही. तुझं बघून होईपर्यंत उभा राहीन.

तू माझं नाव कधी तोंडानं घेतलं नाहीस, म्हणून मीही ते लिहीत नाही.

तुझा,
प्राचीचा आणि सार्थकचा बाबा