हिल्डाबाईची वऱ्हाडी

पिपरी मेघे, वर्धा
५ जानेवारी २०२५

ती. कमलआत्यास,
मेघाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुझं कानाचं मशीन शिट्ट्या मारते, म्हणून पुन्हा कागद घेतला. आधी वाईट बातमी. नागपूरला जर्मनची परीक्षा दिली, त्यात बोलण्याच्या भागात मी नापास झाले. लिहिणं, वाचणं सगळं जमलं. पण त्या भाषेत काटा म्हणजे बाई, चमचा पुरुष आणि सुरी ना बाई ना पुरुष. कोण काय ते आठवेपर्यंत वाक्य तोंडातच विझून जाते. परीक्षक बाई वाट पाहून पाहून पाणी प्यायली.

जर्मनीतल्या एका इस्पितळानं नर्सची जागा धरून ठेवली आहे, पण मे महिन्यात पास झाले तरच. बाबा म्हणतात, इथल्या दवाखान्यातली नोकरी काय वाईट आहे? देवळीचं स्थळ पाहून घे.

आता चांगली बातमी. इंटरनेटवर बोलायला एक जर्मन बाई मिळाली, हिल्डा. सत्तरीपुढची, आयुष्यभर बेकरी चालवलेली, आता एकटीच राहते. तिची अट अशी की, अर्धा वेळ जर्मन, अर्धा वेळ मराठी. डोकं गंजू नये म्हणून दरवर्षी ती काहीतरी नवं शिकते. गेल्या वर्षी पेटीसारखं एक वाद्य शिकत होती, शेजाऱ्यांनी हात जोडले म्हणून सोडलं. आता पाळी मराठीची!

प्रकृतीला जप.
तुझी मेघा


नाचणगाव
१९ जानेवारी २०२५

चि. मेघास अ. आ. आणि जयभीम.

नापास झाली म्हणून तोंड पाडू नको. तुझा बाप पुलगावच्या बाजाराले आल्ता, तसाच इकडे आला. लहान भाऊ म्हणून मी त्याले चांगलं फैलावर घेतलं. म्हटलं, पोरगी जर्मनीले जाऊन राह्यली का चंद्रावर? तर रत्नदीप म्हणे, बाई, तिथं तिचं कोण आहे? आजारी पडली तर पाणी कोण देईन? मलेही तेच वाटते. पण भेव वाटते म्हणून पोरीले दावणीले बांधाचं का?

आणि त्या हिल्डाबाईले पुस्तकी मराठी काऊन शिकवून राह्यली? ‘आपण कशा आहात’ म्हणत ती इथं आली तर लोक तिले पाहतच राहतीन. आपली बोली शिकव. कोथिंबिरीले सांबार म्हणाचं, अन् त्याची सांबारवडी कशी करते तेही सांग.

तुह्यी
कमलआत्या


पिपरी मेघे
६ एप्रिल २०२५

ती. आत्यास,
सविनय जयभीम. वि. वि.

काल काय झालं ते ऐक. संध्याकाळी हिल्डाशी बोलत होते. फळीवरच्या बरणीला मराठीत काय म्हणतात हे विचारायला ती स्टुलावर चढली आणि धाडकन पडली. मला नुसती भिंत दिसत होती, आवाज तेवढा येत होता. तिला उठता येईना, फोन टेबलावर, हात पोचेना. तिनं कण्हत कण्हत शेजाऱ्याचा नंबर सांगितला. जर्मन लोक आपल्यासारखंच सत्तेचाळीसमध्ये आधी सात म्हणतात, मग चाळीस, म्हणून मी तो एका दमात उतरवला.

बाबांच्या फोनवरून लावला. शेजारी रुडॉल्फ. परदेशी नंबर पाहून त्याला वाटलं कोणी फसवणारे आहेत. त्यानं कापला. पुन्हा लावला आणि तो काही म्हणायच्या आत मी ओरडले, हिल्डा पडली, स्वयंपाकघरात, उठता येत नाही, धावा! मग त्यानं विचारलं तशी सांगत गेले, शुद्धीत आहे, डोक्याला लागलं नाही, हात सुजला असेल, हलवू नका. थोड्या वेळानं माझ्या फोनमधून हिल्डाच्या दारात त्याच्या किल्लीचा आवाज ऐकू आला, तेव्हा कुठं मी बाबांचा फोन खाली ठेवला.

मनगट मोडलं, बाकी ती ठीक आहे. बाई-पुरुष सगळे चुकले असतील माझे, पण माणूस धावला! बाबा जेवणाचं ताट हातात घेऊन दारात उभे होते. त्यांना आधी वाटलं, मी कोणाशी भांडतेय. देवळीचा विषय काल निघाला नाही.

तुझी मेघा


नाचणगाव
८ जून २०२५

चि. मेघास अ. आ. आणि जयभीम.

तू बोलण्यात पास झाल्याचं पत्र भेटलं. साऱ्या गल्लीत पेढे वाटले. आता तुले माहीत नाई ते सांगतो.

परवा तू ड्यूटीवर असताना तुझा बाप इथं आला. तुह्या भावाकडून, अश्विनकडून, हिल्डाबाईचा नंबर घेऊन आल्ता. म्हणे, मले तिच्याशी बोलाचं आहे, पोरीसमोर लाज वाटते. मोबाइलवर ऐकून ऐकून त्यानं एक जर्मन वाक्य पाठ केलतं, माझी मुलगी येत आहे, तिच्याकडे लक्ष ठेवा. फोन लावला तर बाई दिसली, हाताले पट्टा, तोंडभर हासू. रत्नदीप तिच्यासमोर शाळेतल्या पोरासारखा ताठ उभा राह्यला. वाक्य मधातच अडकलं. पुन्हा पहिल्यापासून म्हटलं. कसंबसं पार झालं.

ती शांतपणे ऐकत होती. मंग आपल्याच बोलीत एवढ्या मोठ्यानं बोलली का मले मशीनशिवाय ऐकू आलं. म्हणे, भाऊ, भेता काऊन? येऊ द्या तिले. मी आहो नं!

रत्नदीप चष्मा काढून पुसत बसला. जाता जाता मले म्हणे, देवळीच्या पाहुण्यांले मीच नाई म्हणून सांगतो.

लोभ असू द्यावा असं लिहाची रीत आहे. पण तो आहेच, सामानात घेऊन जाजो.

तुह्यी
कमलआत्या