मारबतीच्या अंगातला निळा फ्रॉक

३ सप्टेंबर १९९९
योगेंद्रला हाणला! कंपासच्या डबीने, कानावर. रक्त आलं. मला बरं वाटलं — खोटं कशाला लिहू?
वर्गात सगळ्यांसमोर म्हणाला, "हर्षा बसली का बाक मोडते." पोरं हसली. बाईही तोंड फिरवून हसल्या. आणि शिक्षा मला, दोन तास वर्गाबाहेर.

५ सप्टेंबर
शेजारच्या सुमित्राकाकू आल्या होत्या. आईसमोर माझा दंड दाबून पाहिला, बाजारात वांगं पाहतात तसा. म्हणाल्या, "पोरीले आवर बाई. अशीच फुगत गेली तं चाळिशी पाहत नाई. माह्यी नणंद अशीच गेली."
मी ताट भिरकावलं. वरण भिंतीवर. आईने पाठीत दोन धपाटे घातले. धाकटी बहीण आचल माझ्या पायाला चिकटून रडत होती. सहा वर्षांची आहे, घरात आवाज चढला की रडते.

६ सप्टेंबर
आज कोणालाच मारलं नाही.

८ सप्टेंबर
आमच्या गल्लीच्या मारबतीचा पुतळा यंदा योगेंद्रच्या अंगणात बनतो आहे. बांबू, पोती, तणस. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, तान्ह्या पोळ्याला, सकाळी तिला बडवत नाल्यापर्यंत न्यायचं, रोगराई तिच्यासोबत धाडायची आणि जाळायचं. आचल दिवसभर तिथेच असते. मला कोणी बोलावलं नाही. गेले खड्ड्यात!

१० सप्टेंबर, तान्हा पोळा
मारबतीच्या अंगात माझा निळा फ्रॉक होता!! मागच्या वर्षीचा, मला होत नाही म्हणून पेटीत ठेवलेला. पोट तणस कोंबून एवढं फुगवलेलं. अख्खी गल्ली त्या पोटावर काठ्या हाणत होती. "घेऊन जा गे मारबत!" फ्रॉकची शिवण उसवली, तणस बाहेर लोंबायला लागलं, पोरं नाचायला लागली. मला वाटलं माझंच पोट फाडलं सगळ्यांनी.
योगेंद्रच्या हातातली काठी हिसकली आणि त्याच्याच तोंडावर घातली. पडला, तरी थांबले नाही. "फ्रॉक कोनं देल्ला?" विचारत होते आणि मारत होते. तो तोंड धरून गप्प. शेवटी त्याच्या बापाने मला मागे ओढलं. समोरचा दात गेला त्याचा. तिकडे मारबत पेटली होती, फ्रॉकसकट.
घरी आले तर आईने हात लावला नाही. नुसती बघत बसली. मारलं असतं तर बरं झालं असतं.

११ सप्टेंबर
सकाळी आचलने माझ्या पोटाला दोन्ही हातांनी विळखा घातला. हात पुरले नाहीत. रडायला लागली — "जाळली तरी गेलं नाई." खोदून विचारलं तेव्हा बोलली. पेटीतून फ्रॉक काढून तिनेच दिला होता. माझा हात उठलाच होता.
"काकू म्हणे ना तू मरशीन. म्हणून देल्ला, ताई."
कोणाला सांगितलं तर मारबत काही नेत नाही, असं तिला वाटायचं. म्हणून योगेंद्रला गळ्याची शपथ घातली होती.
दात गेला त्याचा, पण त्याने हिचं नाव घेतलं नाही.