अर्धवट राहिलेल्या निरोपाबाबत

प्रति,
मेहेरबान मामलेदार साहेब,
तालुका कचेरी, शहादे, जिल्हा पश्चिम खानदेश

विषय : जप्त बिनतारी यंत्र एका संध्याकाळपुरते मिळणेबाबत.
संदर्भ : लढाई सुरू झाल्यावर सन १९३९ साली झालेली जप्ती.

महोदय,

किराणा दुकानदार भीकमचंद यांची पत्नी जडावबाई, राहणार शहादे, हिचा अर्ज असा की, सदर यंत्र तिचा मुलगा इंदरमल याने घरीच बनविले होते. परवाना रीतसर होता. तार बांबूवर गुंडाळलेली, निरोप ठोकायची कळ मोडक्या तराजूच्या पितळेची. धंदा सोडून चाललेली ही टकटक पाहून बापाने कपाळाला हात लावला. पण मद्रासेकडील कोणी गृहस्थ रोज संध्याकाळी उत्तर देई. त्याचे नाव घरात कोणास ठाऊक नाही.

अर्जदार जैन असल्याने घरी सूर्य मावळल्यावर अन्न घेत नाहीत. जप्तीच्या दिवशी निरोप अर्धा असतानाच तिने मुलाला ताटावर बोलावले. ‘थांब, जेवून येतो’ एवढे ठोकून तो उठला. हात धुतो न धुतो तोच शिपाई दारात. परवाने सगळ्यांचेच रद्द झाले होते, त्याबद्दल तक्रार नाही.

गेल्या वर्षी इंदरमल विषमज्वराने वारला. तापात त्याचे बोट खाटेवर वाजत राही. काय ठोकतोस, असे विचारता म्हणाला, तो अजून थांबला असेल. अर्जदाराचा जीव तेव्हापासून थाऱ्यावर नाही.

आता पर्युषणाची संवत्सरी जवळ आली. त्या दिवशी कळत नकळत दुखावलेल्या प्रत्येकाची क्षमा मागायची असते. या एकाची राहिली आहे, आणि तो तिच्याच हाकेपायी ताटकळला.

कचेरीत सांगण्यात आले की, त्या गृहस्थाचेही यंत्र जप्त असेल, ऐकणार कोण? त्यावर अर्जदाराचे म्हणणे तिच्याच शब्दांत : “मुंगीले काय आयकू येस? तिनी बी माफी मांगतस आम्ही.”

यंत्र देणे नियमात बसत नसल्यास तारमास्तरांनी कचेरीतच आपल्यासमक्ष एवढे ठोकावे : इंदरमल येणार नाही. वाट पाहू नये. क्षमा असावी. तेही बसत नसल्यास, काहीही न जोडता नुसती कळ दाबावी. अर्जदार कचेरीच्या ओसरीवर बसून ऐकेल.

आपली नम्र,
जडावबाई (अंगठ्याची निशाणी)
लिहिणार : चुनीलाल, दुकानाचे मुनीम
शहादे, ता. १९ ऑगस्ट १९४३

सोबत : मलमलीचे आच्छादन, एक. यंत्रातील काचेच्या नळ्यांच्या उजेडावर किडे येऊन मरतात, म्हणून इंदरमल ते वरून घालीत असे. धुऊन ठेवले आहे.