गायरानात उतरणारी पाखरं

३ फेब्रुवारी, सोमवार

मागच्या उसात काहीतरी सळसळलं. वळले नाही — वळले असते तर मोजणी चुकली असती! भोवत्या पक्षी अंधार पडता पडता गायरानात उतरतात, गवतात जमिनीवरच झोपतात. कझाकस्तानातून आलेले शिकारी पक्षी, आणि झोप अशी उघड्यावर. एकेचाळीस मोजले. एक बहुतेक दोनदा. चाळीस लिहिले. लहानपणी पप्पांनी घरीच पाटीवर शिकवलं — "एस्तेर, दिसलं तेच लिहायचं."

४ फेब्रुवारी

बिबट्याने मच्छिंद्रकाकांची कालवड ओढून नेली. ग्रामपंचायतीपुढे एकच गलका — गायरान पेटवा, तिथंच दडतो! मी म्हटलं, "काका, तो उसात असतो. गवतात नाही."

"तुला सांगून ऱ्हातो व्हय?" सगळे हसले. मग काका म्हणाले, "बरं. तू रोज तिथं बसती. काय दिसलं तर सांग."

माझ्या शब्दावर गवत राहिलं.

६ फेब्रुवारी

ठसा. चारीचं पाणी झिरपतं तिथं, गवताच्या आत. माझ्या तळहाताएवढा. नखं उमटलेली नाहीत — कुत्रा नव्हे!

कुणाला सांगितलं नाही. सांगितलं तर आज रात्रीच पेटवतील, झोपलेल्या पाखरांसकट.

७ फेब्रुवारी

शेजारच्या बनुमावशी पहाटे विळा घेऊन गायरानाकडे. "तुझ्या घारी उठायच्या आत मी भारा बांधती!" मी नुसती हसले.

मावशी परत येईपर्यंत दारातच उभी होते. प्रार्थनेला बसले, शब्द सुचेनात. खोटं बोलले नाही. पण गप्प बसले ना!

८ फेब्रुवारी

सांगितलं. मावशींचा हात धरून.

"कवा दिसला?"

"परवा."

"परवा! आन् काल मी आत जाऊन आले की गं!"



दुपारी गाव गोळा. काका म्हणाले, "अंधार पडला की पेटवू. तवा वारं पडतं, ऊस वाचंल." मी हात जोडले — आज रात्री नको, उद्या ऊन वर आल्यावर, पाखरं शिकारीला गेली की. "माणसं मरू दी, घारी जगू दी!" कोणीतरी ओरडलं. शेवटी मावशीच म्हणाल्या, "थांबा एक रात. उशिरा का हुईना, पोरीनं सांगितलं."

काका माझ्याकडे वळले. "पाखरं गेली का न्हाई ते आमाला काय कळतंय? काडी तूच लावायची."



९ फेब्रुवारी, रविवार

चर्चला गेले नाही. गवतात एकही पाखरू उरलं नाही, दोनदा पाहिलं. मग काडी ओढली.

ससे पळाले. तितर उडाले. बिबट्या नाही.

संध्याकाळी भोवत्या परत येतील.