कोपऱ्यातला टाका

ताई,

आज दुकानात एका बाईंनी टॉवेल पुढे करून विचारलं, "टिकेल का हो?" माझा हात आपसूक कोपऱ्याकडे गेला. आपल्या कारखान्यात तू मला तिथे टाका दोनदा फिरवायला शिकवलंस, इथल्या परदेशी मालाला तो एकदाच असतो. मी म्हटलं, "टिकेल." आता त्याचाच पगार मिळतो मला.

एक कबूल करायचं राहिलंय. 'देशातलाच माल घ्या' हा फलक तू कारखान्याच्या फाटकासाठी रंगवलास, त्याच आठवड्यात मी या स्वस्त दुकानातून एक टॉवेल आणला आणि आपलाच म्हणून घरात टांगला. तू त्याला तोंड पुसलंस, कोपरा उलटून बघितलास आणि टॉवेल परत जागेवर टांगलास. शिव्या घातल्या असत्यास तर बरं झालं असतं.

वर्षभरात कारखान्याला टाळं लागलं. तू परगावी गेलीस, मी इथे गल्ल्यावर बसले. न्हाणीघरात तुझ्या खुंटीवर मी अजून काही टांगत नाही.

हेही पत्र आधीच्यांसारखं कपाटातच जाईल. तुला काय तोंडाने लिहू? तो टॉवेल अजून फाटला नाही, ताई.

तुझ्या शेजारच्या मशीनवरची,
धाकटी